पासवर्ड बरोबर, तरी डेस्कटॉप उघडेना: तुमचे अनुभव सांगा

सातपूर, धागा सुरू करतोय :
लिनक्स पुन्हा टाकायला पेनड्राइव्ह तयार करून बसलेल्यांसाठी हे लिहितोय, कारण मीही तसाच बसलो होतो. पासवर्ड टाकला की पडदा क्षणभर काळा आणि पुन्हा लॉगिनचा चौकोन. दोन रात्री हेच चाललं. शेवटी कंट्रोल-अल्ट-एफ३ दाबलं, काळ्या पडद्यावर तोच पासवर्ड चालला. म्हणजे खातं ठीक होतं. मग फाइलींची यादी देणाऱ्या 'एलएस'ला 'एलए' लावून होम, म्हणजे माझा स्वतःचा फोल्डर, पाहिला, तर डॉट एक्सऑथॉरिटी फाइलची मालकी रूटकडे, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याकडे. आदल्या रविवारी डेस्कटॉप येईना म्हणून मीच सुडो (रूटच्या अधिकारानं आज्ञा चालवणारा शब्द) लावून स्टार्टएक्स, म्हणजे डेस्कटॉप सुरू करायची आज्ञा, दिलं होतं! या फाइलमधली कुकी, म्हणजे गुप्त ओळखखूण, दाखवल्याशिवाय पडदा सांभाळणारा एक्स सर्व्हर कुठल्याही प्रोग्रामला पडद्यावर येऊ देत नाही, आणि माझी फाइल मलाच वाचता येत नव्हती. सुडो लावून मालकी बदलणारी सीएचओन आज्ञा देऊन ती माझ्या नावावर केली, लगेच आत. मशीनवर लिनक्सचं उबुंटू १८.०४ होतं. तेव्हा सुडो दिला तरी होम आपलंच राहायचं, म्हणून रूटची फाइल माझ्याच होममध्ये पडली. १९.१० पासून ते बदललं, पण जुनी मशीन अजून घरोघरी आहेत. तुमचं काय झालं, सविस्तर लिहा.

नाशिकरोड :
माझं डेबियन, लिनक्सचाच दुसरा प्रकार. शेजारच्या खोलीतून एसएसएचनं, म्हणजे नेटवर्कवरून दुरून लॉगिन करून, स्टार्टएक्स दिलं, तर एक्स फक्त कन्सोलवर, म्हणजे मशीनसमोर, बसलेल्यालाच सुरू करता येईल असा नकार आला. एक्स कुणी सुरू करावं हे ठरवणाऱ्या एक्सरॅपर कॉन्फिग फाइलमध्ये 'कन्सोल'च्या जागी 'एनीबडी' लिहिलं की चालतं, पण मी ते परत बदललं. लॅबच्या मशीनवर कुणीही दुरून पडदा ताब्यात घ्यावा हे मला पटत नाही. उठून शेजारच्या खोलीत जाणं बरं.

सिडको :
माझी चूक एका अक्षराची. कुणीतरी म्हणालं, स्वतःला व्हिडिओ ग्रुपमध्ये घाल. खात्याचे ग्रुप बदलणाऱ्या युजरमॉड आज्ञेला मोठा जी दिला, त्याआधीचा छोटा ए राहिला. ए नसला की नवा ग्रुप जुन्यांत मिळवला जात नाही, जुने सगळे जातात. लॉगआउट करून परत आलो तर सुडो वापरायचा हक्कही गेलेला, आणि डेस्कटॉप अजून बंदच! मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब मेनूतून रिकव्हरी (दुरुस्ती) मोडमध्ये जाऊन सुडो ग्रुप परत लावला. ग्रुप बदलला की लॉगआउट करावंच लागतं, नाहीतर काही बदललंच नाही असं वाटतं.

पंचवटी :
तात्पुरत्या फाइलींचा टीएमपी फोल्डर बॅकअपमधून परत आणला, तेव्हा परवानगी ७५५ झाली, म्हणजे लिहिता येतं फक्त मालकाला. ती १७७७ हवी, कारण एक्सपासून सगळ्यांनाच तिथं लिहायचं असतं.

सातपूर :
@सिडको, ही ए-ची गोष्ट मी भावाला आत्ताच फोन करून सांगितली. तोही काल हेच करायला निघाला होता. एक्सचा लॉग, म्हणजे काय बिघडलं त्याची नोंद, आता बऱ्याचदा होममध्येच, डॉट लोकलच्या आत शेअर, त्यात एक्सऑर्ग फोल्डरमध्ये असतो. जुन्या सवयीनं व्हार-लॉगमध्ये शोधत बसू नका.

देवळाली कॅम्प :
मालकी, ग्रुप, टीएमपी सगळं तपासलं, सगळं बरोबर. डिस्कवरची जागा दाखवणारं 'डीएफ' दिलं तर होम शंभर टक्के भरलेलं. कुकी लिहायलाच जागा नव्हती. लग्नाचे व्हिडिओ हार्ड डिस्कवर हलवले, आणि डेस्कटॉप उघडला.