टायफॉइडमध्ये आतडं फुटलं, रातोरात ऑपरेशन झालं. घरी आणल्यावर काय काळजी घ्यायची?

रेवती, मानेवाडा
नमस्कार. माझ्या मिस्टरांना टायफॉइड होता, औषधं सुरू होती. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री पोटात अशी कळ उठली की सरळ होता येईना, कुणाला हात लावू देईनात. एक्स-रेत छातीच्या पडद्याखाली हवा दिसली. डॉक्टर म्हणाले, आतड्याला भोक पडलंय, पोट आत्ताच उघडावं लागेल. मग आयसीयू, व्हेंटिलेटर. देवाच्या आणि डॉक्टरांच्या कृपेनं वाचले.

आता घरी आहेत, पण पोटावर इलिओस्टॉमीची पिशवी आहे, म्हणजे लहान आतड्याचं तोंड पोटावर काढून त्यावर पिशवी लावलीय. आतडं साधारण तीन महिन्यांनी परत जोडू म्हणाले. पिशवी सारखी गळते, जेवायला काय द्यावं कळत नाही, आणि रात्री ते दचकून उठतात, भिंतीतून माणसं येत होती म्हणतात. त्यात उन्हाळा तोंडावर आलाय. कुणाच्या घरी हे झालं असेल तर सांगा.

प्रमोद, वाडी
ताई, भाऊ वाचले हेच मोठं काम झालं बाप्पा. मीही यातून गेलो आहे, आता आतडं जोडलेलं आहे आणि रोज कामावर जाऊन राहिलो, म्हणून हक्कानं लिहितो.

सगळ्यात जास्त लक्ष पाण्यावर ठेवा. अन्नातलं पाणी आणि मीठ ओढून घेणारं मोठं आतडं सध्या वाटेतच नाही. नुसतं साधं पाणी ढसाढसा प्यायलं तर पिशवीतून उलट जास्त वाहतं. एक लिटरचं ओआरएसचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घाला आणि दिवसभर घोटघोट द्या. बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर किती द्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा. बाथरूममध्ये मापाचा मग ठेवा, पिशवी रिकामी केली की आकडा कॅलेंडरवर लिहा. सगळं बसल्यावर दिवसाला अर्धा ते एक लिटर येतं. दीड लिटरच्या वर जाऊ लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उठताना चक्कर आली किंवा पायात गोळे आले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, सकाळची वाट पाहू नका. आपल्याकडे नागपुरात मे महिन्यात पारा ४५ वर जातो, घामातूनही मीठ जातं. भाऊंना दुपारचं अजिबात बाहेर काढू नका.

सर्जरी वॉर्डातली सिस्टर
रेवतीताई, पिशवी गळते ती बहुतेक कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं छिद्र मोठं कापल्यामुळे. स्टोमा, म्हणजे पोटावरचं आतड्याचं तोंड, मापून त्याच्यापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. पहिले काही आठवडे सूज उतरते, स्टोमा लहान होत जातो, म्हणून दर वेळी नव्यानं मापा. बदलायची ती सकाळी उपाशीपोटी, तेव्हा कमी वाहतं. कातडी साध्या पाण्यानं पुसून पूर्ण कोरडी करा. डेटॉल, तेल, क्रीम काही नको. मग चकती तळहातानं थोडा वेळ दाबून धरा, उबेनं ती नीट चिकटते. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करा, वजनानं सुटते ती तिथेच. नंतर साबणानं हात धुवा, टायफॉइडचे जंतू शौचातून काही आठवडेही जाऊ शकतात.

स्टोमा लाल आणि ओलसर दिसला पाहिजे. काळा-जांभळा पडला, ताप आला, टाक्यांतून पू आला, उलट्या होऊन पिशवीत काहीच येईना, तर लगेच निघा. खोकताना पोटावर उशी घट्ट धरायला सांगा. श्वास आत ओढून तीन चेंडू वर उचलायचं यंत्र दिलं असेल तर ते विसरू नका. दीड-दोन महिने भरलेली बादली उचलू देऊ नका.

काटोलवाली
भेटायला येणारा प्रत्येक जण संत्री घेऊन येईल, आमच्याच बागेतली असतील कदाचित! पण फोडी देऊ नका वहिनी. पापुद्र्याचा गोळा होऊन स्टोमाशी अडकतो. मक्याचं कणीस, शेंगदाणे, ओलं खोबरं सध्या बंदच. मऊ भात, मीठ घातलेली पेज, दही, केळं चालतं. तर्री तर सोडाच. एका वेळी पोटभर न देता थोडं थोडं, सारखं द्या आणि नीट चावून खायला लावा.

विनय, प्रतापनगर
माझ्या वडिलांनाही आयसीयूत असंच दिसायचं. रक्तात जंतू पसरणं, झोपेची औषधं, रात्रंदिवस दिवे, यानं मेंदू गोंधळतो. ते वेड नाही. घरी आल्यावर आम्ही त्यांना सगळं ओळीनं सांगितलं: कधी नेलं, नळी कधी काढली, कोण कोण भेटायला आलं. हरवलेले दिवस जुळत गेले तशी झोप लागू लागली. रात्री मंद दिवा असू द्या. महिन्याभरानंतरही भीती जाईना तर मानसोपचार तज्ज्ञांना दाखवा, त्यात संकोच नको.

रेवती, मानेवाडा
सगळ्यांचे खूप आभार. आजच मोजायला सुरुवात केली. सकाळी चकतीचं छिद्र लहान कापलं, अजून गळलेली नाही. एक विचारायचं राहिलं: दुसऱ्या ऑपरेशनच्या खर्चाचं काय? पहिल्यातच सगळं संपलंय.

प्रमोद, वाडी
महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत मदत आहे. रेशनकार्ड, आधार आणि डिस्चार्ज कार्ड घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा आणि हे ऑपरेशन त्यात बसतं का ते आत्ताच विचारून घ्या. जोडण्याआधी खालच्या आतड्यात औषध सोडून एक्स-रे काढतात, कुठे गळती किंवा अडथळा नाही ना ते पाहायला. मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांत दाखवायचं असेल तर सकाळी लवकर ओपीडी गाठा, ऑपरेशनची नोट न विसरता सोबत ठेवा.