मदत हवी आहे: हाँगकाँगच्या ज्येष्ठांसाठी शरीरभान प्रश्नावली, उलट गुणांच्या विधानांचं काय करावं?

नमस्कार. शरीरभान, म्हणजे शरीराच्या आतल्या संवेदनांची जाणीव मोजणारी 'माइया-२' (MAIA-2) ही ३७ विधानांची, ८ उपमापनांची (पोटविभागांची) प्रश्नावली कँटोनीज बोलणाऱ्या, पासष्टीपुढच्या लोकांसाठी बसवायची आहे. दोन स्वतंत्र भाषांतरं, त्यांचा मेळ, पुन्हा मूळ भाषेत उलट भाषांतर, तज्ज्ञांची समिती हा क्रम नेहमीचाच. अडचण पुढे आहे.

वेदनेकडे दुर्लक्ष करण्याबद्दलची सहाही विधानं उलट गुणांची (उत्तराचा आकडा जितका मोठा, तितके गुण कमी), काळजीबद्दलच्या पाचांपैकी तीन. त्यात ० ते ५ या पट्टीवर फक्त दोन्ही टोकांना शब्द आहेत, 'कधीच नाही' आणि 'नेहमी'. शिक्षण कमी असलेली व्यक्ती अशा पट्टीवर सहमती किंवा नकार देऊन मोकळी होते, वारंवारता मोजत नाही. शिवाय दुखणं सोसणं हा ज्यांना गुण वाटतो, त्यांचा कमी गुणांक खरंच शरीरभान कमी असल्याचा पुरावा मानायचा का? मला हे अन्यायाचं वाटतं.

दुसरं म्हणजे छापील मजकूर प्रमाण लिखित चिनीत, पण वाचून दाखवायचा कँटोनीजमध्ये. प्रत्येक मुलाखतकार ऐनवेळी आपापलं रूपांतर करतो आणि मापनातली चूक वाढते. म्हणून बोली संहिता आधीच लिहून ठेवणार आहोत.

ज्यांनी वृद्धांवर मापनं बसवली आहेत त्यांना विचारायचंय: सहाही बिंदूंना शब्द द्यावेत, की पट्टी चार बिंदूंची करावी? बिंदू कमी केल्यास मूळ गुणांशी तुलना तुटते. मधुमेहामुळे पायांची संवेदना गेलेल्यांचं विश्लेषण वेगळं करता का? आणि पुनर्चाचणीसाठी, म्हणजे त्याच व्यक्तीला तीच प्रश्नावली पुन्हा देण्यासाठी, दोन आठवड्यांचं अंतर या वयात योग्य ठरतं का?