सॅलिसिलेटचा लेप आणि निरपेक्ष तीव्रता
अतिनील प्रकाशाची तीव्रता मोजण्यासाठी सोडियम सॅलिसिलेटचा (अतिनील प्रकाश शोषून दृश्य प्रकाश देणाऱ्या पदार्थाचा) लेप दिलेली काच फोटोमल्टिप्लायरपुढे (अंधुक प्रकाश मोजणाऱ्या नळीपुढे) ठेवावी, ही सूचना सापेक्ष मोजमापापुरती, म्हणजे तीव्रतांची आपसांत तुलना करण्यापुरती, योग्य आहे. परंतु लेप जुना होत जातो तशी त्याची प्रतिदीप्ती (त्यातून बाहेर पडणारा दृश्य प्रकाश) घटते, त्यामुळे फोटॉनांची नेमकी संख्या, म्हणजेच निरपेक्ष तीव्रता, तिच्यावरून ठरत नाही. 102 नॅनोमीटर तरंगलांबीच्या जरा खाली मला झेनॉनचा आयनीकरण कक्षच (झेनॉन वायू भरलेला कक्ष, ज्यात प्रकाशामुळे अणूंतून सुटलेल्या इलेक्ट्रॉनांचा विद्युतप्रवाह मोजतात) भरवशाचा वाटतो, कारण तेथे शोषलेल्या प्रत्येक फोटॉनमागे एक इलेक्ट्रॉन सुटतो, आणि वायूने सर्व प्रकाश शोषला असेल तर 1 नॅनोअँपिअर प्रवाह म्हणजे सेकंदाला सुमारे 624 कोटी फोटॉन, असा थेट हिशेब मांडता येतो. खरी कटकट कक्षात प्रकाश आत घेणाऱ्या खिडकीची आहे: लिथियम फ्लोराइडसुद्धा 105 नॅनोमीटरखाली प्रकाश अडवते, म्हणून कक्ष उघडाच जोडावा लागतो आणि प्रकाश आत येण्याच्या फटीतून सतत झिरपणारा वायू पंपाने ओढून घ्यावा लागतो.