बरणीच्या बुडावरची सहा चिनी अक्षरे: दोन शब्दकोशात सापडत नाहीत

हरिपूरकर (सांगली)

नमस्कार. आमच्या घरी चिनी मातीची एक जुनी बरणी आहे. आजोबांचा हळदीचा व्यापार होता आणि हरिपूरच्या पेवांतली हळद मुंबईला पाठवण्याच्या निमित्ताने त्यांचे तिकडे जाणे-येणे असे. अशाच एका खेपेत त्यांनी ती आणली, एवढेच घरात सांगितले जाते. आजीने तिच्यात वर्षानुवर्षे लिंबाचे लोणचे घातले आणि बुडाकडे कधी कोणी पाहिले नाही. २०१९ च्या महापुरानंतर घरातला गाळ उपसताना मी ती पालथी घालून धुतली, तेव्हा चकाकीखालची निळ्या रंगातली सहा अक्षरे मला पहिल्यांदा दिसली. त्या कुतूहलापोटी मी चिनी लिपीचा अभ्यास सुरू केला आणि आता माझ्याजवळ चीनमध्ये छापलेला, विद्यार्थ्यांसाठीचा एक शब्दकोश आहे.

अक्षरे दोन उभ्या ओळींत, प्रत्येकी तीन अशी आहेत. डावीकडच्या ओळीतले पहिले अक्षर ‘बदल’, दुसरे ‘वर्ष’ आणि तिसरे सापडत नाही. उजवीकडच्या ओळीतले पहिले ‘मोठा’, दुसरे सापडत नाही आणि तिसरे ‘होणे, पूर्ण होणे’. या क्रमाने वाचले तर काहीच अर्थ लागत नाही.

न सापडणाऱ्या दोन अक्षरांचे वर्णन करतो. उजव्या ओळीतल्या दुसऱ्या अक्षराच्या उजव्या अंगाला ‘चंद्र’ स्पष्ट आहे. डाव्या अंगाला उभट चौकट आहे. तिच्यात एकच आडवी रेघ असती, तर तो ‘सूर्य’ झाला असता आणि सूर्य-चंद्र मिळून होणारे ‘उजेड’ हे अक्षर मला ओळखता आले असते. पण चौकटीत रेघा दोन आहेत. डाव्या ओळीतले शेवटचे अक्षर फार दाट आहे. त्याचा वरचा भाग मला ओळखीचा वाटतो, पण खाली आणखी पाच-सहा रेघांचा पसारा आहे. याशिवाय बरणीच्या पोटावर चारही बाजूंना एक गोल नक्षी आहे, तीही अक्षरासारखीच दिसते.

जुन्या वस्तू घेणाऱ्या एका व्यापाऱ्याला मी बरणी दाखवली होती. रेघ जास्त पडली आहे, म्हणजे अक्षरच चुकले आहे आणि बरणी खोटी आहे, असे सांगून त्याने ती परत दिली. मला ती विकायची नाही. परंतु ज्याने हे लिहिले तो खरोखर चुकला का, हे समजून घेण्याची मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

प्रीतिसंगम (कराड)

हरिपूरकर, आपण वर्णन इतके नेमके केले आहे की छायाचित्राची गरज पडली नाही.

प्रथम क्रम. जुन्या पद्धतीत उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचतात. त्याप्रमाणे वाचले की ‘महान मिंग, छंगह्वा, वर्षांत, निर्मित’ असे होते, म्हणजे मिंग घराण्याच्या छंगह्वा राजवटीत बनवलेले. ‘होणे’ आणि ‘बदल’ ही दोन अक्षरे सुटी वाचायची नाहीत, ती जोडीने त्या राजवटीचे नाव आहेत. ही राजवट १४६५ ते १४८७ या काळातली.

आता दोन रेघांची चौकट. चौकटीत दोन आडव्या रेघा असतील, तर तो सूर्य नसून ‘डोळा’ असतो. डोळा आणि चंद्र मिळून झालेले हे अक्षर म्हणजे ‘मिंग’, म्हणजे आपण म्हणता त्या ‘उजेड’ याच अक्षराचे जुने, मान्य असलेले रूपांतर आहे. त्याचा अर्थ आणि उच्चार अगदी तोच. शिलालेखांत आणि जुन्या हस्ताक्षरांत ते भेटते. त्यामुळे लिहिणारा चुकला, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही.

गंमत अशी की सूर्य आणि चंद्र हे रूपसुद्धा एकमेव नव्हते. इसवी सन १०० च्या सुमारास शू शन या पंडिताने ‘श्वोवन ज्येज्झ’ हा कोश रचला. १२१ मध्ये त्याच्या मुलाने तो दरबारात सादर केला. त्यात ९,३५३ अक्षरे ५४० शीर्षकांखाली लावलेली आहेत. या कोशात ‘उजेड’ या अक्षराचे मुख्य रूप म्हणून खिडकी आणि चंद्र दिले आहेत, म्हणजे खिडकीतून घरात उतरलेले चांदणे. सूर्य-चंद्राचे रूप त्याच नोंदीत ‘प्राचीन अक्षर’ म्हणून पुढे जोडले आहे. भविष्य पाहण्यासाठी वापरलेल्या कासवाच्या कवचांवरची आणि गुरांच्या हाडांवरची अक्षरे १८९९ मध्ये विद्वानांच्या लक्षात आली. तीन हजार वर्षांहून जुन्या त्या लेखनात खिडकीचे आणि सूर्याचे अशी दोन्ही रूपे आढळतात. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो ते अनेक भावंडांपैकी एक आहे, आणि कोणते भावंड पाठ्यपुस्तकात जाऊन बसेल हे पुढच्या शतकांनी ठरवले.

याच अक्षराला एक राजकीय नातलगही आहे. ६९० मध्ये स्वतःला सम्राट म्हणवून गादीवर बसलेली वू झत्येन हिने काही अक्षरे नव्याने घडवून प्रचारात आणली. स्वतःच्या नावासाठी तिने सूर्य-चंद्र वर आणि ‘रिते आकाश’ खाली असे अक्षर योजले. ‘देश’ या अक्षराच्या चौकटीत तिने ‘आठ दिशा’ बसवल्या. तिच्यानंतर ही अक्षरे व्यवहारातून गेली, पण देशाचे ते अक्षर जपानमध्ये मितो प्रांताचा सरदार तोकुगावा मित्सुकुनी (१६२८ ते १७०१) याच्या नावात आजही लिहिले जाते. एक हजार वर्षे मागे पडलेले अक्षर एका माणसाच्या नावापुरते जिवंत राहावे, हे मला फार विलक्षण वाटते.

सहावे अक्षर दुर्मिळ अजिबात नाही. आपला शब्दकोश नव्या, सोप्या केलेल्या लिपीचा आहे, एवढीच अडचण आहे. १९५६ पासून चीनने लिपी सोपी करण्याची योजना राबवली. तिच्यात ‘बनवणे’ याचे जुने चौदा रेघांचे अक्षर काढून त्याच उच्चाराचे आठ रेघांचे अक्षर त्याच्या जागी वापरायचे ठरले. आपल्याला ओळखीचा वाटला तो वरचा भाग म्हणजे हे आठ रेघांचे अक्षर, आणि खालचा सहा रेघांचा पसारा म्हणजे ‘वस्त्र’. कापड बेतून कपडा करणे या अर्थावरून ते कोणत्याही वस्तूच्या घडणीला लागू झाले. वरचा भाग उच्चार सांगतो आणि खालचा विषय. चिनी अक्षरे म्हणजे चित्रे, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते, परंतु बहुसंख्य अक्षरे याच रीतीने, एक अंग उच्चारासाठी आणि एक अर्थासाठी जोडून बनलेली आहेत.

शोधताना ‘मिंग’ सूर्याखाली किंवा चंद्राखाली शोधू नका. १७१६ च्या कांगशी कोशात ४७,०३५ अक्षरे २१४ मूळ चिन्हांखाली लावली आहेत आणि कित्येक मोठे कोश अजून तीच मांडणी पाळतात. आपले रूप तिथे ‘डोळा’ या चिन्हाखाली, अधिक चार रेघा (म्हणजे डोळा सोडून उरलेल्या रेघा), या जागी मिळेल. खिडकीचे रूप मात्र ‘चंद्र’ या चिन्हाखाली आहे.

पोटावरची गोल नक्षी बहुधा ‘दीर्घायुष्य’ हे अक्षर असावे. त्याचे शिक्क्यांवरचे रूप वर्तुळात बसवून, डावी-उजवी बाजू सारखी करून काढण्याची प्रथा आहे. मधून एक उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांना सारख्या आडव्या रेघा दिसतात का, ते पाहावे.

एक गोष्ट स्पष्टपणे सांगायला हवी. अक्षर बरोबर आहे म्हणून बरणी पंधराव्या शतकातली ठरत नाही. छंगह्वा काळातल्या भांड्यांची कीर्ती एवढी होती की पुढची कित्येक शतके कारागीर आदराने तेच नाव बुडावर लिहीत राहिले. १६७७ मध्ये तर जिंगदझेन या भांड्यांच्या गावात, भांडे फुटले तर सम्राटाचे नाव पायदळी येईल म्हणून, चालू राजवटीचे नाव लिहायलाच तिथल्या अधिकाऱ्याने मनाई केली होती. तेव्हा जुन्या राजवटीचे नाव घालणे ही रीत होती, तिला खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

बोरू आणि दौत (वाई)

मला चिनी येत नाही, मी मोडी कागद वाचतो. पण व्यापाऱ्याने केलेली चूक मोडी शिकणारा प्रत्येक जण पहिल्या वर्षी करतो, म्हणून लिहितो.

मोडीत आपण ‘वळण’ असा शब्द वापरतो. लेखक आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो, मग बोरू शक्य तितका कमी उचलून त्या रेघेखाली अक्षरे ओवत जातो. शब्दांत अंतर नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवकाळातले वळण वेगळे, पेशवाईतले वेगळे, इंग्रजी अमदानीतले आणखी वेगळे. सुरुवातीला मी सातारा प्रांतातल्या एका कागदावरच्या तारखेतला ‘छ’ चुकीचा पडलेला समजून सोडून दिला होता. तो ‘चंद्र’ या अर्थाचा संक्षेप होता आणि पुढचा आकडा मुसलमानी महिन्याची तिथी सांगत होता, हे मला वडीलधाऱ्या वाचकाने दाखवून दिले. चूक लेखकाची नव्हती, माझ्या डोळ्यांना सवय नव्हती.

तरीही हरिपूरकरांना एक सुचवावेसे वाटते. जुने रूपांतर माहीत झाले म्हणजे प्रत्येक जादा रेघ रूपांतरच असते, असेही धरून चालू नये. आम्ही अडलेले अक्षर त्याच हातच्या दुसऱ्या ओळीत शोधतो. आपल्याकडे ओळी दोनच आहेत, तेव्हा रेघेकडेच पाहावे लागेल. ती दुसरी रेघ कुंचल्याने मुद्दाम ओढली आहे की भाजताना निळा रंग ओघळला आहे, हे भिंगाखाली कळावे. ओढलेल्या रेघेला सुरुवात आणि शेवट असतो.

प्रीतिसंगम (कराड)

ही सूचना अगदी योग्य आहे. आपल्या ‘वळण’ या शब्दाला थोडी पुस्ती जोडतो. चिनीत हाताच्या वळणाखेरीज आणखी एका कारणाने अक्षर बदलते, ते म्हणजे नाव न उच्चारण्याची रीत. सम्राटाच्या खाजगी नावातले अक्षर लिहिणे निषिद्ध असे. कांगशी सम्राटाचे नाव श्वेनये असे होते. त्यामुळे ‘श्वेन’, म्हणजे गडद, हे अक्षर त्या काळापासून शेवटचा ठिपका न देता लिहू लागले, आणि बीजिंगच्या राजवाड्याच्या उत्तर दरवाजाचे श्वेनवू हे नाव बदलून शनवू करण्यात आले. आपल्याकडे जुन्या बायका यजमानांचे नाव तोंडाने घेत नसत, तसेच हे लेखणीने पाळलेले व्रत. असा गाळलेला ठिपका लेखनाचा काळ ठरवायला उपयोगी पडतो. हरिपूरकरांच्या सहा अक्षरांत मात्र ‘श्वेन’ नाही, त्यामुळे ती खूण येथे लागू होत नाही.

राहून गेलेली एक गोष्ट. आपल्या बरणीवरचे ‘वर्ष’ हे अक्षर मुळात धान्य वाहून नेणाऱ्या माणसाचे होते आणि त्याचा अर्थ पीक असा होता. जुन्या रूपात वरचे धान्य ओळखू येते, आजच्या रूपात ते विरघळून गेले आहे. चिनी माणसाने वर्ष सुगीवरून मोजले. आपण ते पावसावरून मोजले, कारण संस्कृतातल्या ‘वर्ष’ या शब्दाचा पहिला अर्थ पाऊसच आहे.

अक्षरजुळणी (सांगली)

मी छपाईच्या अक्षरजुळणीचे काम करतो. संगणकापुरते सांगतो. डोळा-चंद्राच्या रूपाला युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या यादीत, स्वतंत्र क्रमांक आहे आणि तो १९९२ च्या २०,९०२ अक्षरांच्या पहिल्याच संचात आहे, त्यामुळे चिनीच्या साध्या फाँटमध्येही ते उमटते. खिडकी-चंद्राचे रूपही त्याच संचात आहे. त्यांच्यापेक्षा दुर्मिळ अक्षरे २००१ च्या भरीत आली. त्या एका भरीतच ४२,७११ अक्षरे होती, आणि ती दाखवणारा फाँट नसेल, तर पडद्यावर नुसता रिकामा चौकोन दिसतो.

मराठीत याच्या उलट आहे. आपला पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ यांचा आग्रह महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयात धरला, परंतु हिंदी वळणाचा दंडाचा ‘ल’ आणि आपला ‘ल’ यांचा क्रमांक एकच आहे. फरक फक्त फाँट करतो. म्हणून आपली अक्षरे शोधताना दोन्ही वळणे एकत्र सापडतात आणि चिनी अक्षर शोधताना एक रूप टाकले, तर दुसरे हाती लागेलच असे नाही. हरिपूरकरांनी दोन्ही रूपे टाकून शोधावे.

हरिपूरकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी अंगणात, तिरप्या उन्हात बरणी पालथी ठेवून घड्याळजीकडून आणलेल्या भिंगाने पाहिली. चौकटीतल्या दोन्ही रेघांची डावी टोके जाड आहेत, तिथे रंग साचून जवळजवळ काळा झाला आहे, आणि उजवीकडे दोन्ही निमुळत्या होत गेल्या आहेत. शेजारच्या ‘चंद्र’ या अंगातल्या दोन रेघाही तशाच आहेत. रंग कुठेही ओघळलेला नाही. दोन्ही रेघांमधले अंतर जवळपास सारखे आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला ‘डोळा’च लिहायचा होता.

वाचनालयातल्या मोठ्या कोशात ‘डोळा’ या चिन्हाखाली, अधिक चार रेघा, या जागी ते मिळाले. एकूण रेघा नऊ. सहावे अक्षर ‘वस्त्र’ या चिन्हाखाली, अधिक आठ, असे सापडले.

पोटावरच्या गोल नक्षीत मधली उभी रेघ आहे आणि दोन्ही अंगे सारखी आहेत. चारपैकी एका ठिकाणी मात्र खालची एक आडवी रेघ दिसत नाही. तिथे चकाकी घासून गेली आहे. आजी लोणचे काढताना बरणी कुशीत धरून तिरपी करत असे, आणि तिच्या बांगड्या नेमक्या त्याच जागी टेकत असत.