फोडशीची रानभाजी म्हणून आणलं, पण त्यात एक झाड वेगळं दिसतंय (फोटो दिलेत)

लोकलवाला (बदलापूर)

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा लवकर हवी आहे. भाजी अजून चाळणीत आहे, गॅस पेटवलेला नाही.

जानेवारीत रक्तात साखर निघाली आणि डॉक्टरांनी रोज तासभर चालायला सांगितलं. तेव्हापासून पहाटे साडेपाचला कोंडेश्वरच्या रस्त्याला लागतो आणि गाडीच्या वेळेआधी घरी येतो. पाऊस सुरू झाल्यावर रस्त्याच्या कडेला टाकळा फुटला. सहज एक पान चुरगळलं, तर त्या उग्र वासाबरोबर थेट आजीचं स्वयंपाकघर. आजी चिपळूणजवळची. टाकळ्यात भरपूर ठेचलेला लसूण आणि वर ओलं खोबरं. आम्ही पोरं नाक मुरडत खायचो. आता तीच भाजी मी पंधरा दिवसांत चारदा खाल्ली. बायको म्हणते, तुझ्या अंगात आजी संचारली आहे.

टाकळा जमला म्हणून जरा शेफारलो. आज रविवार, वेळ होता, रस्ता सोडून उतारावर चढलो. गवतात लांब, हिरवीगार पाती, बुडाशी पांढरी. ही फोडशी, असं माझं मीच ठरवलं. मोबाइलवरच्या झाडं ओळखणाऱ्या अॅपने पहिल्या फोटोला एक लॅटिन नाव सांगितलं, दुसऱ्या फोटोला दुसरं. मी म्हटलं, पावसामुळे फोटो नीट आला नसेल. मुठी भरभरून उपटली, पिशवी गच्च झाली.

घरी नळाखाली धुताना एक कोंब वेगळा लागला. तिसरा फोटो बघा. बाकीच्यांची पाती सगळी बुडातून फुटलेली आहेत, याला मात्र मधे दांडा आहे आणि पानं त्या दांड्यावर आहेत. एका पानाचं टोक किंचित वळलंय. हे काय आहे? हे बाजूला काढून बाकीची भाजी करू का? आणि माझ्यासारख्या नोकरदार माणसाने हे सगळं शिकायचं तरी कुठे?


खडूवाली (मुरबाड)

तिसऱ्या फोटोतली कळलावी वाटते. सगळी भाजी टाकून द्या. ते एक झाड काढून बाकीची शिजवू नका. मुठीने उपटलंय म्हणता, म्हणजे आणखी एखादा कोंब आत असू शकतो आणि धुताना तुटलेलं पान ओळखू यायचं नाही. गुरं-कुत्री तोंड लावतील अशा जागी टाकू नका. कोणी चाखली असेल तर त्रास व्हायची वाट न बघता दवाखाना गाठा. हे विष लगेच दिसत नाही, काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात. पुढचं नंतर लिहिते. आधी टाकली का ते सांगा.


लोकलवाला (बदलापूर)

टाकली. खड्डा करून पुरली. कोणी चाखलेली नाही. बायको शेजारी उभी राहून हे वाचते आहे, त्यामुळे आज घरात मला काही किंमत राहिलेली नाही.


सोडेप्रेमी (ठाणे)

बाईंनी वेळेवर सांगितलं म्हणून बरं झालं. मी तर आयुष्यात एकही रानभाजी स्वतःच्या हाताने तोडलेली नाही, सगळी विकत घेऊन खाल्ली आणि त्याची मला तिळमात्र लाज वाटत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात मार्केटच्या तोंडाशी शेवळंवाल्या (शेवळं म्हणजे रानसुरणाच्या फुलोऱ्याचे कोंब) बसल्या की आमच्या घरी सण. सोडे घालून एकदा, खिमा घालून एकदा, आणि सासूबाईंच्या शाकाहाराची सोय बघून वाल घालून एकदा. पहिल्या जुडीला जो भाव सांगतील तो मी देतो. बायको म्हणते पापलेट स्वस्त पडलं असतं.


खडूवाली (मुरबाड)

आता सवडीने लिहिते.

मी माळशेजच्या बाजूला एका ठाकरवाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवलं. मूळची सोलापूरची, म्हणजे पावसाशीच ओळख नव्हती, तर रानभाजी कुठली! पहिल्याच जूनमध्ये तिसरीतल्या एका पोराने शेवळांची जुडी आणून टेबलावर ठेवली. मी ती वांग्याची करावी तशी केली. चिरली, फोडणीला टाकली, झाकण ठेवलं. दुसऱ्या दिवशी हजेरी घ्यायला आवाज फुटेना. घशात सुया टोचत होत्या, आणि त्या जवळजवळ खऱ्याच सुया असतात. शेवळात, सुरणात, अळवात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे टोकदार स्फटिक असतात. पोर उभं राहून म्हणालं, "बाई, काकडं नाय टाकलीत?" अख्खा वर्ग हसला.

काकड म्हणजे आपली काकडी नव्हे. त्याच नावाच्या झाडाची आवळ्याएवढी हिरवी आंबट फळं. शेवळंवाल्या जुडीबरोबर ती देतातच. ती ठेचून, उकळून त्यांचा रस शेवळात घालायचा. शेवळाच्या आतला पिवळा भाग आधी काढून टाकायचा. सोडेप्रेमींच्या घरी हे होत असणारच, नाहीतर त्यांनी एवढ्या प्रेमाने लिहिलं नसतं.

तर त्या पोराची आजी मला रानात न्यायला लागली. तिने सुरुवात केली ती न खायच्या झाडांपासून. पहिला अख्खा पावसाळा आम्ही काहीही तोडलं नाही. कळलावी दाखवायला तिने मला जूनमध्ये नेलंच नाही, श्रावणात नेलं. तेव्हा ती फुलावर असते. लाल-पिवळ्या ज्वाळेसारख्या उलट्या वळलेल्या पाकळ्या, आंधळ्यालासुद्धा ओळखू येईल. काही गावांत तिला गौरीचे हात म्हणतात. आजीने ती जागा लक्षात ठेवायला लावली: हा दगड, ही करवंदाची जाळी. मग पुढच्या जूनमध्ये त्याच दगडाशी नेऊन कोंब दाखवला. म्हणजे नाव आधी, चेहरा नंतर. अॅपमध्ये तुम्ही उलटं करता. कोंबाचा फोटो काढून नाव विचारता, आणि कोंबाच्या वयात सगळीच पोरं सारखी दिसतात.

आता तुमच्या फोटोतला फरक. फोडशीची पाती सगळी जमिनीतूनच निघतात, मधे दांडा नसतो. फुलावर येताना येतो, पण तोपर्यंत भाजी जून झालेली असते. कळलावीला दांडा असतो, पानं त्याच्यावर लागतात आणि पानाचं टोक पुढे लांबून तणाव्यासारखं वळतं. त्या टोकाने ती शेजारच्या झुडपाला धरून चढते. पण अगदी कोवळ्या कोंबाला हे वळण नसूही शकतं, म्हणून नुसत्या टोकावर विसंबू नका. शिवाय रानकांदा असतो. त्याची पातीही बुडातूनच येतात आणि तोही विषारी. खाली मोठा कांदा असतो, फोडशीला कांदा नसतो, जाड मुळ्या असतात.

आणि मूठ भरून उपटायचं नाही. आजीने मला सगळ्यात जास्त यावरून रागे भरलं. "बाय, खुडायचं, उपाटायचं नाय." एकेक पात हातात आली की डोळ्यांखालून जाते, मुठीत दहा झाडं एकदम येतात. वर मुळासकट गेलं की पुढच्या वर्षी त्या जागी फोडशी नाही. तुमच्या पिशवीत मुळं होती, फोटोत दिसतायत. बोलले नसते, पण शिक्षिका आहे.

कुठे शिकायचं, तर तुमच्या स्टेशनबाहेर. सकाळी पाट्या घेऊन बसतात त्या बायकांकडे. एका पावसाळ्यात एकच भाजी विकत घ्या, पण पुन्हा पुन्हा घ्या. निवडा, धुवा, खा. जूनमधली कोवळी, जुलैमधली जून, किडलेली, चिखलाने भरलेली, सगळी हाताखालून जाऊ द्या. आणि भाव करू नका. पहाटे तीन वाजता उठून, डोंगर उतरून, जीप आणि लोकल करून ती वीस रुपयांची जुडी येते.

हल्ली शहरातून बस भरून लोक येतात, निसर्गाशी नातं जोडायला. चाळीस जण एका उतारावर. मागच्या वर्षी ते गेल्यावर त्या उतारावर भारंगीचा एक कोवळा शेंडा उरला नव्हता. पुढच्या आठवडी बाजारात आमच्या वाडीतल्या दोघीजणी रिकाम्या पाट्या घेऊन बसल्या होत्या.


नेकारकाठ (श्टुटगार्ट)

बाई, तुमचं वाचून हसू आलं आणि काटाही आला. इथे मार्च-एप्रिलमध्ये जंगलात बेअरलाउख नावाचा रानलसूण गालिच्यासारखा पसरतो आणि अर्धं गाव तो आणायला जातं. त्याच्यासारखीच पानं असलेली दोन विषारी झाडं आसपास उगवतात आणि त्यावरून इथेही दर वसंतात विषबाधा होतात. त्यातलं एक हेर्ब्स्टत्साइटलोझ. त्याच्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, तेच कळलावीत असतं. दोघी एकाच कुळातल्या आहेत. मी माझ्या रत्नागिरीच्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तिकडेही आपलीच माणसं."

इथले लोक सांगतात, पान चुरगळून वास घ्या, लसणाचा आला तर खरं. पण चार पानं चुरगळली की बोटांनाच लसणाचा वास लागतो आणि पाचवं पान कुठलंही असलं तरी लसणाचंच वाटतं. टाकळ्याचंही तसंच होत असणार.

उपटण्यावरून आठवलं. इथे कायद्याने स्वतःपुरतं थोडंसं तोडता येतं. त्याला बोलीत हातातल्या गुच्छाचा नियम म्हणतात, एका हाताच्या बोटांत मावेल तेवढं. संरक्षित क्षेत्रात तेवढंही नाही.


वैनगंगा (भंडारा)

आमच्याकडे टाकळ्याला तरोटा म्हणतात. तुम्ही रस्त्याच्या कडेचा घेता हे काही मला पटलं नाही भाऊ. गाड्यांचा धूर, कुत्री, आणि वरून तणनाशक. शेताच्या बांधावरची तर आता विचारूनच घ्यावी लागते, कारण शेतकऱ्याच्या लेखी तरोटा आणि कुर्डू दोन्ही तणच. बांधावरचं गवत एकसारखं पिवळं पडलेलं दिसलं तर तिथून निघायचं.

कुणी अळिंबीचं, म्हणजे मशरूमचं, विचारायच्या आधीच सांगतो, तिच्या वाटेला जाऊ नका. आमच्या सात्या (तीही अळिंबीच) वारुळावर येतात, वाळवीच त्यांची शेती करते, म्हणून त्यांची आपल्याला लागवड करता येत नाही. त्या कुठल्या वारुळावर येतात हे माझा बाप मला चाळीस वर्षांत पूर्ण सांगून गेला नाही.


सोडेप्रेमी (ठाणे)

कायद्याचा विषय निघालाच आहे तर, आपल्याकडेही कर्नाळा, फणसाड अशा अभयारण्यांतून आपण काही तोडून आणायचं नाही. जंगलात पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्यांना रानभाजीसारख्या गौण वनोपजाचा हक्क 2006 च्या वनहक्क कायद्याने आहे, मला-तुम्हाला नाही. मला तर कुठेही पाटीवरूनच घ्यायचंय म्हणा.


लोकलवाला (बदलापूर)

तीन आठवड्यांनी परत आलोय.

स्टेशनबाहेर एक मावशी बसतात. पहिल्या दिवशी मी जाऊन एकदम म्हणालो, मला रानभाज्या शिकायच्या आहेत. त्यांनी माझ्याकडे, माझ्या बॅगेकडे, मग घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जुडी घ्यायची काय?" घेतली. दुसऱ्या दिवशी घेतली. चौथ्या दिवशी विचारलं, आज कोणती चांगली आहे. त्या म्हणाल्या कुर्डू. तेव्हापासून कुर्डूच चालू आहे.

काल मी जुडी हातात घेऊन म्हटलं, मावशी, ही जून झाली, तुरे यायला लागलेत. त्यांनी जुडी माझ्या हातातून काढून घेतली, पाटीच्या तळातली दुसरी दिली आणि शेजारणीला म्हणाल्या, "ह्याला कळाय लागलं." ऑफिसात बढती मिळाली होती तेव्हा एवढा आनंद झाला नव्हता.

उतारावर पुन्हा गेलो होतो, पिशवी न घेता. फोडशी पुष्कळ आहे. मी उपटली ती जागा मात्र अजून बोडकी दिसते. कळलावी आता हातभर वाढली आहे, एका झुडपाला टोकांनी धरून चढली आहे. फूल अजून नाही. शेजारी तुटका मैलाचा दगड आहे, तो लक्षात ठेवलाय. टाकळाही आता रस्त्यापासून आत जाऊन घेतो, वैनगंगा यांचं ऐकून. पण तो फुलावर येत चाललाय, चव उतरली.

बाई, एक विचारायचं राहिलं. कुर्डू कितीही घेतली तरी शिजून मूठभर होते आणि दर वेळी खारट होते. बायको म्हणते, आजी तुला एवढंही शिकवून गेली नाही?


खडूवाली (मुरबाड)

मीठ शेवटी घाला. कच्च्या भाजीच्या ढिगाकडे बघून अंदाज घेताय, ती खाली बसल्यावर घ्या. आणि अर्धा कप मूगडाळ भिजवून टाका, तिघांना पुरेल.