एमबीए सीईटीचे तर्कप्रश्न: उत्तर येते, पण वेळेत येत नाही

यावलची विद्यार्थिनी

नमस्कार. मी यावल तालुक्यातील असून गेल्या वर्षी कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची वाणिज्य शाखेची पदवी घेतली आहे. सध्या घरी राहूनच एमबीए सीईटीची तयारी करीत आहे. या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यांपैकी ७५ प्रश्न एकट्या तर्कक्षमतेचे असतात. हा विभाग बिघडला तर बाकीच्या तयारीने तो भरून निघत नाही, हे मला सराव परीक्षांतून कळून चुकले आहे.

बैठकव्यवस्थेचे, म्हणजे दिलेल्या अटींवरून कोण कोठे बसले आहे हे शोधण्याचे, प्रश्न मला सुटतात, परंतु एकाच मांडणीवरील प्रश्नांच्या एका संचाला दहा-बारा मिनिटे लागतात. 'ओन्ली', 'अनलेस', 'सम' असे शब्द आले की माझा गोंधळ होतो. घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि पेपर इंग्रजीत असल्यामुळे वाक्याचा अर्थ कळला तरी त्याची मर्यादा कळत नाही. परिच्छेदामागील गृहीतक विचारले असता मी शेवटच्या दोन पर्यायांपर्यंत येते आणि नेमका चुकीचा निवडते. जळगावातील एका शिकवणीत मी दोन महिने जाऊन आले. तेथे सूत्रे पाठ करून घेतली, पण प्रश्नाची रचना थोडी बदलली की ती सूत्रे लागू पडेनात. मी इंग्रजी आधी सुधारावे की तर्काचा सराव वाढवावा, हे अनुभवी मंडळींनी सांगावे, ही विनंती.

भुसावळचे निवृत्त शिक्षक

ताई, तुमच्या प्रश्नातील 'अर्थ कळला तरी त्याची मर्यादा कळत नाही' हे वाक्य फार मोलाचे आहे, कारण रोगाचे निदान तुम्ही स्वतःच केले आहे. इंग्रजी शब्दसंग्रह वाढवल्याने ही अडचण दूर होणार नाही. तर्काच्या प्रश्नांत अवघड शब्द क्वचितच असतात. निर्णय होतो तो दहा-बारा लहान शब्दांवर, आणि त्या प्रत्येकाला मराठीत पक्का जोडीदार आहे.

'ओन्ली'पासून सुरुवात करू. 'ओन्ली ग्रॅज्युएट्स कॅन अप्लाय' हे वाक्य आपण घाईत 'पदवीधर अर्ज करू शकतात' असे वाचतो आणि तेथेच फसतो. त्याचे खरे मराठी 'पदवीधरच अर्ज करू शकतात' असे आहे. असे वाक्य 'हे असेल → ते असणारच' अशा बाणाने मांडायचे आणि हा 'च' ज्या शब्दाला चिकटतो, तो शब्द बाणाच्या टोकाशी लिहायचा: अर्जदार आहे, म्हणजे तो पदवीधर आहे. पदवीधर आहे म्हणून त्याने अर्ज केला असेलच, असे या वाक्यात कोठेही म्हटलेले नाही. 'च' कोठे बसवायचा हे मराठी माणसाला शिकवावे लागत नाही, म्हणून ही आपल्या भाषेने दिलेली सोय वापरावी.

'अनलेस'साठी आपल्याकडे 'शिवाय' आहे. 'हॉल तिकीट असल्याशिवाय केंद्रात प्रवेश नाही' हे वाक्य घ्या. यावरून एवढेच ठरते की, जो आत गेला त्याच्याकडे हॉल तिकीट आहे. हॉल तिकीट असलेला प्रत्येक जण आत जाईलच असे ठरत नाही. ओळखपत्र घरी विसरला असेल तर तो दारातच अडेल. पर्यायांमध्ये नेमके हेच उलटे वाक्य ठेवलेले असते आणि ते वाचायला अतिशय बरोबर वाटते.

'जर-तर'च्या वाक्यांबाबत मी विद्यार्थ्यांना तापीचे उदाहरण देत असे. 'हतनूर धरणाचे दरवाजे उघडले, तर खाली तापीचे पाणी वाढते.' पाणी वाढलेले नाही, म्हणजे दरवाजे उघडलेले नाहीत, हा निष्कर्ष पक्का आहे. परंतु पाणी वाढले म्हणून दरवाजे उघडले असावेत, हा निष्कर्ष कच्चा आहे, कारण धरणाच्या खाली गिरणाही तापीला येऊन मिळते आणि पाणी तिचेही असू शकते. वाक्य उलटवताना दोन्ही बाजूंना नकार जोडला तरच ते खरे राहते, एवढे ध्यानात ठेवले तर सूत्र पाठ करण्याची गरज उरत नाही.

'सम' या शब्दाविषयी मात्र सावध राहावे, कारण येथे आपली बोलण्याची सवय आड येते. 'काही मुले उत्तीर्ण झाली' असे म्हटले की बाकीची नापास झाली असे आपण गृहीत धरतो. तर्कशास्त्रात 'काही' म्हणजे किमान एक. सगळी उत्तीर्ण झाली असली तरी ते वाक्य खरेच राहते. 'ओन्ली अ फ्यू' असे लिहिले असेल तर काही आहेत आणि काही नाहीत, अशी दोन्ही विधाने त्यात धरायची.

रोज वीस प्रश्न असे करा की उत्तर न शोधता केवळ वाक्याचे मराठी करायचे, 'च' आणि 'शिवाय' योग्य जागी बसवायचे आणि बाण काढायचा. काही दिवसांनी मराठी करण्याची गरजही पडणार नाही.

धुळ्याचा माजी परीक्षार्थी

सरांनी शब्दांविषयी लिहिले आहेच, म्हणून मी बैठकव्यवस्थेपुरते लिहितो. वेळेचा हिशेब आधी पाहा. १५० मिनिटे म्हणजे ९००० सेकंद, म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ४५ सेकंद. एका मांडणीवर चार-पाच प्रश्न असतील तर त्या संचाला साधारण चार मिनिटे न्याय्य ठरतात. तुम्ही बारा मिनिटे दिलीत की पुढच्या दहा सोप्या प्रश्नांची वेळ गेली.

माझीही हीच अडचण होती आणि कारण असे निघाले की, मी अटी ज्या क्रमाने दिल्या आहेत त्याच क्रमाने मांडत असे. अटींचा क्रम परीक्षकाचा असतो, तो आपण पाळलाच पाहिजे असे नाही. एक उदाहरण करून दाखवतो.

केळीचे पाच व्यापारी उत्तरेकडे तोंड करून एका ओळीत बसले आहेत: जळगावचा, भुसावळचा, रावेरचा, यावलचा आणि चोपड्याचा. अटी अशा आहेत. यावलकर हा जळगावकराच्या लगेच उजवीकडे आहे. चोपडेकर एका टोकाला आहे. भुसावळकर आणि रावेरकर यांच्यामध्ये बरोबर दोन जण आहेत. भुसावळकर जळगावकराच्या शेजारी आहे. रावेरकर टोकाला नाही.

पहिल्या अटीपासून सुरुवात केली तर त्या जोडीला चार जागा संभवतात आणि चार आकृत्या काढाव्या लागतात. तिसऱ्या अटीपासून सुरुवात केली तर भुसावळ आणि रावेर यांना डावीकडून पहिली व चौथी किंवा दुसरी व पाचवी, एवढ्याच जागा उरतात. पहिली-चौथी धरली तर चोपडेकर पाचव्या जागी जातो, दुसरी-पाचवी धरली तर तो पहिल्या जागी येतो, आणि दोन्ही वेळा मधल्या दोन लगतच्या जागा जळगाव-यावल या जोडीला आपोआप मिळतात. म्हणजे जी अट सर्वांत कमी जागा देते, ती प्रथम घ्यायची.

मला अधिक महत्त्वाचे वाटते ते पुढे आहे. अजून एकाही व्यापाऱ्याची जागा पक्की झालेली नाही, तरीही 'भुसावळकर आणि रावेरकर यांच्यामध्ये कोण बसले आहे' या प्रश्नाचे उत्तर आपल्याला मिळालेले आहे. चौथी अट लावली की भुसावळकर जळगावकराच्या लगेच डावीकडे येतो, हेही दोन्ही आकृत्यांत सारखेच दिसते. पाचवी अट फक्त दोन आकृत्यांपैकी एक खोडण्यासाठी लागते आणि भुसावळ, जळगाव, यावल, रावेर, चोपडा असा क्रम उरतो. मी पूर्वी संपूर्ण ओळ भरल्याशिवाय प्रश्न वाचतच नसे. आता दोन-तीन अटी लावल्या की एकदा प्रश्नांवर नजर टाकतो, कारण कित्येकदा जागा ठरण्याआधी नाते ठरलेले असते आणि प्रश्न नात्याचाच असतो.

माझ्या मते बैठकव्यवस्थेचे संच शेवटी ठेवावेत. आधी कूटलिपी, नाती, दिशा, अक्षरमाला हे एकेकटे प्रश्न संपवावेत. सिलॉजिझमसाठी, म्हणजे 'सर्व', 'काही' अशा दिलेल्या विधानांवरून निष्कर्ष काढण्याच्या प्रश्नांसाठी, प्रत्येक गटाचे एक अशी वर्तुळे काढावीत; आकृतीत जे दिसते ते उत्तर.

अमळनेरची वाचक

धुळ्याच्या दादांचे बैठकव्यवस्थेचे विवेचन मला फार उपयोगी वाटले, परंतु त्यांचे शेवटचे वाक्य तसेच राहू दिले तर कोणाचे तरी गुण जातील, म्हणून लिहिते. सिलॉजिझममध्ये 'आकृतीत जे दिसते ते उत्तर' हे खरे नाही.

'सर्व सोनार व्यापारी आहेत. काही व्यापारी शेतकरी आहेत.' आता वर्तुळे काढताना शेतकऱ्यांचे वर्तुळ सोनारांच्या वर्तुळावरून गेले, तर 'काही सोनार शेतकरी आहेत' असे डोळ्यांना स्पष्ट दिसते. तेच वर्तुळ व्यापाऱ्यांच्या दुसऱ्या कडेला काढले, तर ते दिसत नाही. दोन्ही आकृत्या दिलेल्या विधानांशी जुळतात, त्यामुळे हा निष्कर्ष निघत नाही. म्हणून निष्कर्ष मोडून दाखवणारी आकृती काढण्याचा प्रयत्न करावा. ती काढताच आली नाही, तरच निष्कर्ष खरा.

'काही सोनार शेतकरी असण्याची शक्यता आहे' असा पर्याय असेल, तर मात्र जुळणारी एक आकृती सापडली तरी तो बरोबर ठरतो. आणखी एक जागा अशी की, 'काही सोनार शेतकरी आहेत' आणि 'एकही सोनार शेतकरी नाही' हे दोन्ही निष्कर्ष शेजारी दिलेले असतात. सुटे पाहिले तर दोन्ही अनिश्चित आहेत, पण दोहोंपैकी एक खरा असणारच, आणि तसा पर्याय दिलेला असेल तर तेच उत्तर असते. मी स्वतः या प्रकारात बराच काळ 'दोन्ही नाही' असे उत्तर देत आले होते.

संच शेवटी ठेवण्याबाबतही माझा अनुभव वेगळा आहे. शेवटच्या अर्ध्या तासात डोके थकलेले असते आणि चार अटी एकाच वेळी मनात धरणे जड जाते. मी सुरुवातीची दहा मिनिटे सुटे प्रश्न करून हात मोकळा करते, मग दोन सोपे संच घेते आणि पुन्हा सुट्या प्रश्नांकडे वळते. संच सोपा की अवघड, हे ठरवण्यासाठी मी एकच गोष्ट पाहते: 'टोकाला', 'बरोबर मध्ये', 'समोरासमोर' अशी जागा बांधणारी निदान एक अट त्यात आहे का. नसेल तर तो संच पुढे ढकलते.

धुळ्याचा माजी परीक्षार्थी

ताईंचे म्हणणे बरोबर आहे, माझे ते वाक्य चुकीचे होते. संचांच्या क्रमाबाबत मात्र प्रत्येकाने दोन सराव परीक्षा दोन पद्धतींनी देऊन स्वतःचे ठरवावे. मला पहाटे पेपर सोडवण्याची सवय होती, त्यामुळे थकवा उशिरा येत असावा.

यावलची विद्यार्थिनी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. 'च' आणि 'शिवाय' यांचा उपाय आज सकाळीच करून पाहिला. वीसपैकी पंधरा वाक्यांचे बाण बरोबर आले. गृहीतकाच्या प्रश्नाविषयी सरांनी थोडे लिहावे. आमच्या घरी केळीची बाग आहे, त्यामुळे शेतीवरचा परिच्छेद आला की मला आनंद होतो, आणि नेमका तोच प्रश्न चुकतो.

भुसावळचे निवृत्त शिक्षक

तो चुकतो याचे कारण त्या विषयात तुम्हाला परिच्छेदापेक्षा अधिक माहिती आहे, हेच होय. तुमच्याच बागेतील उदाहरण रचतो. 'ज्या शेतकऱ्यांनी ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेली) रोपे लावली, त्यांच्या घडांचे वजन इतरांपेक्षा अधिक भरले. म्हणून इतरांनीही तीच रोपे लावली, तर त्यांच्याही घडांचे वजन वाढेल.' पर्याय असे. पहिला: ही रोपे कंदापेक्षा महाग असतात. दुसरा: ज्यांनी ही रोपे लावली, त्यांची जमीन आणि पाणी इतरांपेक्षा विशेष चांगले नव्हते. तिसरा: वजनदार घडाला व्यापारी चांगला भाव देतात.

पहिला आणि तिसरा पर्याय तुम्हाला अनुभवाने पटतात, म्हणून हात तिकडे जातो. परंतु येथे खरे काय हे विचारलेले नसून, हा युक्तिवाद कशावर उभा आहे हे विचारलेले आहे. प्रत्येक पर्यायाला नकार देऊन पाहा. रोपे महाग नसली तरी वजनाविषयीचा युक्तिवाद जागचा हलत नाही. भाव चांगला मिळत नसला तरीही तो हलत नाही. परंतु त्या शेतकऱ्यांची जमीन आणि पाणी मुळातच उत्तम होते असे म्हटले, की वजन रोपांमुळे वाढले हे म्हणणेच कोसळते. ज्याला नकार दिल्यावर युक्तिवाद पडतो, ते गृहीतक.

अनुमान विचारले असेल तर ही कसोटी लावू नये. तेथे परिच्छेदातील वाक्ये खरी मानून, त्यांच्याबाहेर एक पाऊलही न टाकता काय निघते, तेवढेच पाहावे. 'नेहमी', 'एकमेव', 'सर्वच' असे शब्द असलेला पर्याय परिच्छेदाच्या पुढे गेलेला तर नाही ना, हे तेथे तपासावे. गृहीतकात आपण युक्तिवादाच्या खाली पाहतो आणि अनुमानात त्याच्या पुढे. म्हणून परिच्छेद वाचण्याआधी प्रश्नाची ओळ वाचावी.

यावलची विद्यार्थिनी

दोन पर्यायांत मी का अडकत होते ते आता कळले. शेवटची शंका: वेळ संपत आली आणि एखादा संपूर्ण संच राहिला, तर तो कोरा सोडावा का?

अमळनेरची वाचक

मुळीच सोडू नका. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत, त्यामुळे २०० पैकी एकही प्रश्न कोरा राहता कामा नये. शेवटची दोन मिनिटे त्यासाठीच राखून ठेवा. संचातील एखाद्या अटीने थेट बाद होणारे पर्याय आधी काढा आणि उरलेल्यांतून निवडा. कॅट (व्यवस्थापन प्रवेशाची) किंवा क्लॅट (विधी प्रवेशाची) परीक्षा देणाऱ्यांनी मात्र हे अनुसरू नये, कारण तेथे बहुपर्यायी प्रश्नाच्या चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात.