मदत हवी आहे: एकाच मात्रेत तांबं एका पाण्यात पॅरामेशियमला मारतं, दुसऱ्यात नाही

नमस्कार. मी टीवायला (पदवीच्या तिसऱ्या वर्षाला) आहे, प्राणिशास्त्र. प्रोजेक्ट पॅरामेशियम या पाण्यातल्या एकपेशीय जीवावर तांब्याच्या परिणामाचा. पाषाण तलावाचं पाणी आणि उकळलेला पेंढा यांवर कल्चर छान वाढलंय, अडलंय ते पुढे.

लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम तांबं पडेल असं मोरचुदाचं (कॉपर सल्फेटचं) द्रावण केलं (मोरचुदात वजनाने जेमतेम चौथा हिस्सा तांबं असतं, ते धरून). क्लोरीन उडून जाईपर्यंत उघडं ठेवलेल्या कॉर्पोरेशनच्या पाण्यात पेशी तासाभरात जागच्या जागी गरगरतात, मग फुगतात, काही फुटतात. वाघोलीला आमच्या सोसायटीत बोअरचं पाणी आहे. त्यात तेवढ्याच तांब्यात पेशी संध्याकाळपर्यंत व्यवस्थित पोहतात. पेंढ्याच्या मूळ पाण्यात तर जवळपास काहीच होत नाही.

सर म्हणतात, रीडिंग जुळत नाहीत, तांबं सोड आणि कॅडमियम घे. मला सोडवत नाहीये. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात असेच सिलिएट (अंगावर बारीक केसांसारखे तंतू असलेले एकपेशीय) जीव मोकळे बॅक्टेरिया खाऊन पाणी निवळवतात. धातूचा मुलामा देणाऱ्या (प्लेटिंगच्या) कारखान्यांचं पाणी तिथे पोचलं तर त्यांचं काय होतं आणि पुढे मुठा नदीत काय उतरतं, हे मला खरंच समजून घ्यायचंय.

हा फरक नुसत्या क्षारांमुळे पडेल का? लॅबमध्ये पॅरामेशियम ठेवायला ड्रिल्स सोल्यूशन हे क्षारांचं द्रावण बनवतात, ते वापरू का? आणि पेशी मरायची वाट न पाहता काँट्रॅक्टाइल व्हॅक्यूओलचे (पेशीतलं जादा पाणी बाहेर टाकणाऱ्या पिशवीचे) ठोके मोजले तर चालेल का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

तांबं सोडू नका, तुमची रीडिंग बरोबर असावीत. पेशीला बाधतो तो मुख्यतः मोकळा कॉपर आयन, आणि तो तुमच्या तिन्ही पाण्यांत वेगवेगळा उरतो. बोअरच्या पाण्यातलं कॅल्शियम पेशीपटलावर तांबं जिथे चिकटतं त्याच जागा अडवतं, कार्बोनेट तांब्याला बांधतं. पेंढ्याच्या पाण्यात सेंद्रिय पदार्थ आणि बॅक्टेरियाच बरंचसं तांबं धरून ठेवतात.

ड्रिल्स मात्र इथे नको. त्यात सायट्रेट आणि फॉस्फेट आहे, सायट्रेट तांब्याला घट्ट धरतं. डिस्टिल्ड वॉटरमध्ये कॅल्शियम क्लोराइड, किंचित पोटॅशियम क्लोराइड आणि मॉप्स बफर (सामू म्हणजे pH स्थिर ठेवणारं रसायन) एवढंच घ्या. पाणी काचेच्या यंत्रातलंच हवं: धातूच्या भांड्यातून उतरलेलं अत्यल्प तांबंही स्पायरोगायरा या शेवाळाला मारतं, हे वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल नेगेली यांच्या १८९३ साली छापलेल्या कामापासून माहीत आहे.

पेशी आधी धुवा. अरुंद मानेच्या फ्लास्कमध्ये कल्चर भरा, मानेत कापसाचा सैल बोळा, वर हे द्रावण. पॅरामेशियम आपणहून वर चढतं, घाण खाली राहते.

व्हॅक्यूओलचे ठोके उत्तम माप आहे, पण क्षार वाढले की ते तांब्याशिवायही मंदावतात आणि तापमानानेही बदलतात. कॅडमियम कॅन्सरकारक आहे, त्याचं सांडपाणी बेसिनमध्ये ओतता येत नाही. हे सरांना जरूर सांगा.

धागाकर्ती

मनापासून आभार! मग तांबं तेच ठेवून कॅल्शियमच्या तीन पातळ्या घेतल्या तर? प्रोजेक्टच तो करावा म्हणते.

प्रतिसाद

जरूर करा. प्रत्येक पातळीला बिनतांब्याचा कंट्रोल ठेवा आणि सामू सगळीकडे एकच राखा, नाहीतर फरक कॅल्शियमचा की सामूचा, ते सांगता येणार नाही.